हेस्टर लिंक्सचा डब्ल्यू

२०२३ च्या फेब्रुवारीतल्या एका सकाळी हेस्टर लिंक्सने तिच्याच इमारतीच्या जिन्यात एका बाईला रंगेहाथ पकडलं. कोलोनच्या निप्पेस भागातली ती चार मजली इमारत. खाली टपालपेट्यांच्या शेजारी हाउसफरवाल्टुंगने, म्हणजे इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या कंपनीने, कचऱ्याच्या डब्यांबद्दल नवी नोटीस लावली होती. आणि तिसऱ्या मजल्यावरची भारतीय बाई लाल पेन घेऊन त्या नोटिशीवर खुशाल काहीतरी लिहीत होती.

हेस्टरला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. तिच्या नजरेच्या नेमक्या मधोमध एक करडा डाग येऊन बसला होता. माणसाकडे बघितलं की त्याचा चेहरा नाहीसा व्हायचा. कान, केस आणि खांदे तेवढे उरायचे. पण डागाच्या कडेने तिला लाल पेन बरोबर दिसलं.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

बाई दचकली. "एन्टशुल्डिगुंग, माफ करा. काही नाही... इथे कॉमा हवा होता. आणि हा शब्द दोनदा छापलाय. सवय आहे हो माझी, हात थांबत नाही."

"कसली सवय?"

"मी पुण्यात अकरा वर्षं प्रूफं तपासायचे. छापखान्यात. इथे येऊन आठ वर्षं झाली, कोणी प्रूफ हातात दिलं नाही. मग नोटिशी तपासते."

हेस्टर इतकी हसली की तिला कठड्याचा आधार घ्यावा लागला. तिने विचारलं, "न कळणाऱ्या भाषेतलं प्रूफ तपासलं आहेस कधी?"

"हो," सुकन्या म्हणाली. तिचं नाव सुकन्या. "एकदा देवनागरीत छापलेलं कानडी स्तोत्रांचं पुस्तक तपासलं. कानडीचा गंध नाही मला. पण भाषा कळत नसली की उलट बरं पडतं. भाषा जाणणारा माणूस मनातलं वाचतो. न जाणणारा कागदावरचं वाचतो."

हेस्टरने तिला कॉफीला घरात बोलावलं आणि तिच्या दिवंगत नवऱ्याने, वेर्नरने, बांधलेल्या फडताळातून एकवीस वह्या काढून टेबलावर रचल्या. "तर," ती म्हणाली, "हे सगळं आफ्रिकान्समध्ये आहे. मी लिहिलंय आणि आता मलाच दिसत नाही. तू टाइप करशील?"

त्या वह्यांमागे एक अख्खं आयुष्य होतं, आणि ते कोलोनमध्ये फारसं कुणाला ठाऊक नव्हतं.

हेस्टर दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रॉयक्लिप नावाच्या लहानशा गावातली. घरात आफ्रिकान्स बोलायचे. जगाला ती भाषा गोऱ्यांची म्हणून माहीत आहे, पण हेस्टरच्या माणसांसारख्या सावळ्या, मिश्र रक्ताच्या लोकांच्या तोंडी ती तितकीच जुनी. फरक एवढाच की गोऱ्यांची आफ्रिकान्स पुस्तकांत छापली जायची आणि हेस्टरच्या घरातली नुसती बोलली जायची. गावात मासे डबाबंद करायचा कारखाना होता. आई तिथे मासे साफ करायची. हेस्टर सहा वर्षं जर्मन मिशनच्या शाळेत गेली. तिथल्या फ्रॉयलाइन आडेलहाइड नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी तिचं अक्षर घोटून घेतलं, जुन्या जर्मन वळणाचं, गोलाई असलेलं. चौदाव्या वर्षी हेस्टर आईशेजारी सुरी घेऊन उभी राहिली.

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बायका बोलायच्या. कोणाचा नवरा बोटीवरून परत आला नाही, कोणी मुकादमाच्या कानाखाली वाजवली, कोणी लग्नाच्या दिवशीही कामाची पाळी चुकवली नाही. हेस्टर ऐकायची आणि खोक्यांच्या वेष्टनावर लिहून ठेवायची. पुढे ती मिशनच्या दवाखान्यात आया म्हणून लागली, मग शिकून नर्स झाली. सत्ताविसाव्या वर्षापर्यंत तिच्याकडे चौदा कथा जमल्या होत्या. चार वह्यांत कच्चं लिखाण आणि एक स्वच्छ पक्की प्रत.

१९७६ साली तिला कोलोनच्या एका रुग्णालयात नोकरी मिळाली. निघायच्या आधी तिने ती पक्की प्रत बेरेन्ड लाउबसर नावाच्या गोऱ्या शाळा-तपासनीसाच्या हाती दिली. गृहस्थ मोठा सभ्य. मिशनच्या शाळेत आला की दारात टोपी काढायचा. "केपटाउनला माझ्या ओळखी आहेत," तो म्हणाला होता, "मी बघतो." दीड वर्षाने त्याचं पत्र आलं. प्रकाशकाने लिखाण नाकारलं आणि परत येताना ते टपालात गहाळ झालं. शेवटी लिहिलं होतं, 'वाईट वाटून घेऊ नकोस. नर्स म्हणून तू उत्तमच आहेस.'

१९८३ मध्ये बेरेन्ड लाउबसर याचं 'खाऱ्या हातांच्या बायका' हे पुस्तक प्रसिद्ध झालं. चौदा कथा.

हेस्टरला ते कळायला दोन वर्षं लागली. मावसबहिणीने पुस्तक पोस्टाने पाठवलं. रुग्णालयाच्या लांब मार्गिकेत उभ्या उभ्या तिने तीन कथा वाचल्या. वाक्यं तिची होती. मध्येच एखादा शब्द बदललेला होता, तिला वाटलं, या माणसाने मुद्दाम स्वतःची कलाकुसर केली आहे. चौथी कथा तिला वाचवली नाही. तिने प्रकाशकाला पत्र लिहिलं. सहा ओळींचं उत्तर आलं: अनुभवांत साम्य असू शकतं, पुरावा असल्यास कळवावे. पुरावा म्हणून कच्च्या वह्या होत्या, पण त्या पुस्तकावरून उतरवल्या नाहीत हे कोण मानणार? तो काळ तसा होता. एका बाजूला गोरा सरकारी अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला परदेशात बेडपॅन उचलणारी सावळी बाई. आणखी दोन पत्रांना उत्तरच आलं नाही. तिने पुस्तक बासनात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी टाकलं.

पुस्तक मात्र चाललं. शाळेत लागलं, त्यावर प्रबंध झाले. लाउबसरने त्यानंतर एकही ओळ छापली नाही, पण असं का, हे त्याला कोणी विचारलं नाही. २००४ साली तो मानाने वारला.

आणि हेस्टर? ती लिहीत राहिली. तिने वेर्नर नावाच्या ट्रामचालकाशी लग्न केलं. आडनाव तिने बदललं नाही. लिंक्स म्हणजे जर्मनमध्ये 'डावीकडे', त्यामुळे नवा डॉक्टर आला की एकदा तरी विचारायचा, "आणि सिस्टर उजवीकडे कुठे आहेत?" हेस्टर म्हणायची, "सुट्टीवर." वेर्नरला आफ्रिकान्सचा एक शब्द कळत नसे, पण दर ख्रिसमसला तो तिला जाड पुठ्ठ्याची वही आणायचा. त्याच्या मरणापर्यंत सतरा झाल्या. त्यांत कोलोनचे वॉर्ड होते, मरायला टेकलेले म्हातारे होते, कोरियाहून आणि केरळहून आलेल्या नर्सा होत्या. सगळं रॉयक्लिपच्या भाषेत. ते कोणी वाचलं नव्हतं.

असं चार आणि सतरा मिळून एकवीस.

काम मार्चमध्ये सुरू झालं. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा वाजता. सुकन्या अक्षर अक्षर बघून टाइप करायची आणि मग टाइप केलेलं मोठ्याने वाचायची. तिचे उच्चार भलतेच होते. शब्दाच्या शेवटचं व्यंजन ती असं ठासून म्हणायची की हेस्टरच्या आईचं गंभीर वाक्य तिच्या तोंडून लष्करी हुकमासारखं यायचं. हेस्टर हसून हसून डोळे पुसायची आणि चूक सांगायची. सुकन्या मुकाट्याने दुरुस्त करायची. चुकीबद्दल तिला राग येत नसे, कुतूहल वाटायचं. का चुकलं, हे कळल्याशिवाय ती पुढे जायची नाही.

दुसऱ्याच आठवड्यात तिने विचारलं, "तुम्हाला सारखं फ्राउ लिंक्स म्हणायला मला जड जातं. आमच्याकडे तुमच्या वयाच्या बाईला कोणी असं तोडून हाक मारत नाही."

"मग काय म्हणतात?"

"मावशी. आईची बहीण."

हेस्टरच्या गावातही परक्या बाईला 'तान्नी' म्हणायचे, अगदी त्याच अर्थाने. सत्तेचाळीस वर्षांत जर्मनीत तिला कोणी तशी हाक मारली नव्हती. "म्हण," ती म्हणाली. "मला मावशी म्हण."

एप्रिलमध्ये त्या जुन्या चार वह्यांपैकी दुसरीला हात घातला. कारखान्याच्या उकळणीघराची कथा. सुकन्या वाचत होती, हेस्टर डोळे मिटून ऐकत होती. पहाटपाळीच्या बायका आत येतात, कढया पेटलेल्या, आणि मग सुकन्याने वाचलं, "दी नासेम सिट तीन दी राइते."

हेस्टरचे डोळे उघडले. "परत वाच."

"दी नासेम..."

"नासेम?"

"हो. एन, ए, एस, ई, एम. चुकलं का?"

नासेम! हा शब्द आफ्रिकान्समध्ये नव्हताच. तो फक्त एका पुस्तकात होता. 'खाऱ्या हातांच्या बायका'मध्ये. मावसबहिणीच्या नातवाला शाळेत त्यावर प्रश्न आला होता. 'आसेम' म्हणजे श्वास आणि 'ना' म्हणजे नंतर, म्हणून नासेम म्हणजे श्वासानंतरचा श्वास, मासा मेल्यावर त्याच्या अंगातून निघणारी वाफ, कोळ्यांचा अतिप्राचीन शब्द, असं विद्वानांनी लिहून ठेवलं होतं. हेस्टर समजत होती की लाउबसरने दिमाख दाखवायला तो घडवला.

"वासेम आहे ते," ती हळू आवाजात म्हणाली. "वासेम. साधी वाफ. खिडकीच्या काचांवर बसते ती. मी डब्ल्यू लिहिलाय."

सुकन्याने वही खिडकीपाशी नेली. परत आली, भिंग घेऊन पुन्हा गेली. "मावशी, हा डब्ल्यू एनसारखा दिसतो. दोन गोल कमानी आणि शेवटी बारीकशी शेपटी. तुम्हाला असं लिहायला कोणी शिकवलं?"

"फ्रॉयलाइन आडेलहाइडने."

"आणि त्या गृहस्थाला दिलेली पक्की प्रत याच अक्षरात होती?"

"माझं दुसरं अक्षरच नाही."

सुकन्या धपकन खुर्चीत बसली. मग जे बोलली ते हेस्टरला पुढे शब्दन् शब्द आठवायचं. "मावशी, मी आत्ता जी चूक केली, तीच चूक चाळीस वर्षांपूर्वी ज्याने तुमची प्रत टाइप केली त्याने केली. पुस्तकातला तो शब्द कुणी घडवलेला नाही. तो वाचनदोष आहे. तुमचं अक्षर बघितल्याशिवाय तो होऊच शकत नाही!"

पुस्तक ट्रंकेतून वर आलं. अडतीस वर्षांनी. त्या दिवशी दोघी जेवल्याही नाहीत. सुकन्या एका हाती वही आणि दुसऱ्या हाती पुस्तक धरून ओळीवर ओळ ताडून बघत होती, छापखान्यात मूळ प्रतीशी प्रूफ ताडतात तशी. जिथे फरक, तिथे कागदाची चिठ्ठी. शुक्रवारपर्यंत सतरा चिठ्ठ्या झाल्या, आणि सगळ्याच्या सगळ्या ठिकाणी हेस्टरच्या डब्ल्यूचा एन झालेला. जिथे अर्थ उघड होता तिथे टाइप करणाऱ्याने बरोबर वाचलं होतं. जिथे एन घालूनही काहीतरी अर्थ निघत होता, तिथे तो फसला होता.

हेस्टरला प्रत्येक चिठ्ठीसरशी आपलं पुस्तक परत मिळत होतं. तिने लिहिलं होतं 'वाख', म्हणजे वाट पाहणं: 'आईला वाट पाहणं ठाऊक होतं.' छापलं गेलं होतं 'नाख': 'आईला रात्र ठाऊक होती.' पुस्तकातलं सर्वांत गाजलेलं वाक्य! लोकांनी ते थडग्यांवर कोरून घेतलं होतं. आणखी एका ठिकाणी म्हातारी कोळीण म्हणते, 'कायद्याला भोकं असतात, मोठा माणूस निसटून जाईल एवढी.' कायदा म्हणजे 'वेट'. छापलं होतं 'नेट', म्हणजे जाळं. १९८३ सालच्या समीक्षकांनी कोळी जीवनातल्या त्या सुंदर प्रतिमेचं कौतुक केलं होतं.

"जाळं!" हेस्टर टेबलावर मूठ आपटून म्हणाली. "माझ्या म्हातारीला जाळ्यातलं भोक काय कौतुकाचं! ती पोलिसांबद्दल बोलत होती!"

सुकन्याचा नवरा हृषिकेश कोलोनमधल्या एका माध्यम कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. रविवारी तो स्कॅनर घेऊन खाली आला. सतरा जोड्यांची पानं स्कॅन करता करता तो सुकन्याला मराठीत म्हणाला, "अगं, पण ते म्हणतील, कशावरून या वह्या आधीच्या? पुस्तक समोर ठेवून उतरवल्या नसतील कशावरून?"

"अरे, नक्कल करणारा चुकासुद्धा उतरवतो," सुकन्या म्हणाली. "इथे सतरा ठिकाणी वहीत चोख अर्थ आहे आणि पुस्तकात गडबड. आणि सतराही ठिकाणी एकाच अक्षराची. एवढी शिस्तीत खोटी वही कोण बनवेल?"

हेस्टरला मराठी कळत नव्हती, पण सुकन्याचा स्वर कळला. आपल्या घरात बसून आपल्यासाठी कोणीतरी भांडतंय, हे तिला फार वर्षांनी ऐकू येत होतं.

केपटाउनच्या त्या प्रकाशनसंस्थेत आता नवी माणसं होती. संपादिका शिरीन आब्राहम्स, हेस्टरच्याच समाजातली, चाळिशीची. तिने ईमेलला दोन दिवसांत उत्तर दिलं आणि मग फोनच केला. "मिसेस लिंक्स नाही, तान्नी हेस्टर म्हणते मी तुम्हाला," ती पहिल्याच वाक्यात गडबडली. "मी शाळेत असताना त्या पुस्तकावर निबंध लिहिलाय. मला बक्षीस मिळालं होतं. नासेमवर." मग तिचा आवाज बदलला. "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण आमचे वकील म्हणतात, वह्या पुस्तकावरून उतरवल्या नसतील कशावरून? आम्हाला टाइप केलेली मूळ प्रत हवी. आमच्या संग्रहात ती नाही. लाउबसर कुटुंबाला विचारावं लागेल."

कुटुंबाचं उत्तर मुलाने वकिलामार्फत दिलं. वडिलांची बदनामी झाली तर न्यायालयात भेटू. हेस्टर त्या दिवशी सुकन्याला म्हणाली, "झालं तेवढं पुष्कळ झालं. मला कळलं, तुला कळलं. आता आपण वेर्नरच्या वह्या घेऊ."

"घेऊ," सुकन्या म्हणाली. "पण ही फाइल मी बंद केलेली नाही."

वेर्नरच्या वह्या सुरू झाल्या. उन्हाळा गेला. नोव्हेंबरच्या एका दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात एक उंच बाई होती. चेहरा हेस्टरच्या डागात बुडालेला, पण पांढरे केस आणि प्रवासाची पेटी दिसली. बाई आफ्रिकान्समध्ये म्हणाली, "मी एल्सबेट. बेरेन्ड लाउबसरची मुलगी. मी आत येऊ का?"

हेस्टरने दार धरूनच ठेवलं. सुकन्या आतून उठून तिच्या मागे येऊन उभी राहिली. भाषा कळली नाही, पण आडनाव कळलं.

"भावाने पाठवलं?" हेस्टरने विचारलं.

"नाही. त्याला माहीतही नाही. मी तुमच्यासाठी काहीतरी आणलंय."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एल्सबेट कोट न काढताच बसली. पेटीतून तिने एक पुठ्ठ्याची फाइल काढली. आत पातळ, पिवळट कागदांचा गठ्ठा. टंकलेखनाची कार्बन प्रत.

"ही मी टाइप केली," ती म्हणाली. "१९७९ मध्ये. मी सतरा वर्षांची होते, टायपिंग शिकत होते. बाबांनी एक वही दिली, म्हणाले, माझ्या जुन्या नोंदी आहेत. मी म्हटलं, हे अक्षर तुमचं नाही. ते म्हणाले, कारकुनाकडून उतरवून घेतलंय. मी विश्वास ठेवला. सतराव्या वर्षी बापावर विश्वास ठेवतात. वही त्यांनी नंतर शेगडीत घातली, ते मी पाहिलं. तेव्हापासून मला ठाऊक आहे, असं म्हटलं तरी चालेल. पण ठाऊक असणं आणि तोंडाने म्हणणं यात माझी चव्वेचाळीस वर्षं गेली."

तिने एक पान काढून टेबलावर सरकवलं. सुकन्या भिंग घेऊन वाकली आणि तिच्या तोंडून अस्सल पुणेरी "अरे देवा!" निघून गेलं. टाइप केलेल्या 'नासेम'च्या शेजारी समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह होतं. मुलीचं. आणि त्याखाली शाईने, मोठ्या माणसाच्या अक्षरात: 'ना + आसेम? राहू दे. छान आहे.'

लेखकाला स्वतःच्याच शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. तो अंदाज करत होता.

सुकन्याने ते जर्मनमध्ये समजावून घेतलं, मग हेस्टरला ती ओळ तीनदा वाचून दाखवली. हेस्टर बराच वेळ बोटांनी कागदाची कड चाचपत होती. शेवटी तिने विचारलं, "आता का आलीस?"

"संपादिकेने कुटुंबाला सतरा शब्दांची यादी पाठवली होती," एल्सबेट म्हणाली. "मी ती वाचली. सतराही माझ्या चुका होत्या, फ्राउ लिंक्स. बाबांनी पुस्तक चोरलं, पण ते बिघडवलं मी. निदान माझ्या वाट्याचं तरी मला दुरुस्त करायचं होतं."

हेस्टर उठली, चुलीपाशी गेली आणि तिने तीन कप काढले. "कोट काढ," ती म्हणाली. "आणि मला फ्राउ लिंक्स म्हणू नकोस."

पुढचं मग फार भराभर झालं. एल्सबेटने शपथेवर जबाब दिला, भावाचा वकील गप्प झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रकाशनसंस्थेने जाहीर निवेदन काढलं आणि १९८५ च्या त्या सहा ओळींच्या पत्राबद्दल हेस्टरची नाव घेऊन माफी मागितली. केपटाउनच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर बातमी आली. रॉयक्लिपच्या कारखान्याच्या जागेवर आता काहीच नव्हतं, पण तिथल्या बायकांच्या मुली आणि नाती होत्या. त्यांनी चर्चच्या आवारात जमून हेस्टरला व्हिडिओ कॉल केला आणि दर एकीने ओरडून आपल्या आजीचं नाव सांगितलं. कुठली आजी कुठल्या कथेत आहे, हे हेस्टरने एकेकीला सांगितलं. एकही चुकली नाही.

पुस्तकाची नवी आवृत्ती सप्टेंबरमध्ये आली. मुखपृष्ठावर हेस्टर लिंक्स. सतराही शब्द जागच्या जागी. आत, दुसऱ्या पानावर: 'संहिता सिद्ध केली: सुकन्या', पुढे तिचं पूर्ण नाव. हृषिकेशने त्या पानाचा फोटो काढून पुण्याला सासूबाईंना पाठवला. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, पण तुला ती भाषा येत नाही ना?" सुकन्या म्हणाली, "आता येते, आई. थोडी थोडी."

कोलोनच्या ग्रंथालयाच्या सभागृहात प्रकाशनाचा कार्यक्रम झाला. दोनशे खुर्च्या भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. जुन्या वॉर्डातल्या नर्सा आल्या होत्या, त्यांतल्या तीन केरळच्या. कोलोनच्या मराठी मंडळातली बरीच मंडळी आली होती. त्यांना वाचन कळणार नव्हतं, पण आपल्या सुकन्याने हे शोधून काढलं म्हणून आली होती. शिरीन विमानाने आली होती. एल्सबेट पहिल्या रांगेत बसली होती.

हेस्टरला पान दिसत नव्हतं. ती निळा झगा घालून उभी राहिली, पुस्तक बंद करून छातीशी धरलं, आणि उकळणीघराची अख्खी कथा तोंडपाठ म्हटली. चौदा मिनिटं. एकदाही अडखळली नाही. 'वासेम' आला तेव्हा शिरीनने मान खाली घातली आणि तिचे खांदे हलायला लागले. हसतेय की रडतेय, ते कोणालाच कळेना.

टाळ्या थांबल्यावर एक प्राध्यापक उठले. केपटाउनहून आले होते, नासेमवर त्यांचा लेख होता. जरा ओशाळलेच होते. "लोक आता तो शब्द खरंच वापरतात," ते म्हणाले. "माझ्या आईच्या शेवटच्या क्षणांबद्दल मी तोच वापरला. आता त्याचं काय करायचं?"

हेस्टरने एल्सबेट बसली होती त्या दिशेला हात केला. "शब्द चांगला आहे. वापरा. पण तो माझा नाही, हिचा आहे. सतराव्या वर्षी हिने तो बनवला. मी दुसऱ्याच्या शब्दांवर नाव लावत नाही."

एल्सबेटने तोंडावर दोन्ही हात धरले. मग जो गजर झाला तो मिनिटभर तरी थांबला नाही.

त्यानंतर वेर्नरच्या वह्यांची पाळी आली. सुकन्याला कोलोनमधल्या एका छोट्या प्रकाशनाने मुद्रितशोधक म्हणून घेतलं, आठवड्याचे तीन दिवस. मंगळवार आणि शुक्रवार तिने सोडले नाहीत. सतरा वह्यांतून वॉर्डांवरचं एक जाडजूड पुस्तक निघालं. ते २०२५ च्या वसंतात आफ्रिकान्समध्ये आलं आणि शरदात जर्मनमध्ये. ज्या रुग्णालयात हेस्टरने एकतीस वर्षं काढली, तिथल्या कँटीनमध्ये त्याच्या प्रती हातोहात फिरल्या. निवृत्त डॉक्टर आपण त्यात कुठे आहोत ते शोधत होते, आणि बहुतेकांना जे सापडलं ते फारसं सोयीचं नव्हतं.

नोव्हेंबरात एका मंगळवारी साडेदहा वाजता फोन वाजला. केपटाउनहून होता. पुरस्कार समितीच्या अध्यक्षा स्वतः बोलत होत्या. वर्षातल्या सर्वोत्तम आफ्रिकान्स पुस्तकाचा पुरस्कार एकमताने हेस्टर लिंक्स यांना द्यायचं ठरलं होतं. सुकन्याने स्पीकर लावला होता. तिने ऐकलं आणि दोन्ही मुठी हवेत उंचावल्या.

हेस्टर शहात्तर वर्षांची होती. तिसऱ्या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणाच्या मध्यावर होती, आणि वाक्य अर्धवट राहिलं होतं.

"फार आनंद झाला," ती फोनमध्ये म्हणाली. "खरंच. पण बाई, बारानंतर परत कराल का? मी आत्ता सांगतेय आणि ही लिहून घेतेय."